काळं कडं

फेब्रुवारीचं कोवळं ऊन फ्योर्डच्या खाडीवरच्या बर्फावरून सावकाश सरकत खिडकीशी आलं. आधी कुंडी उजळली, मग थंड झालेला कॉफीचा कप, आणि शेवटी खाटेवर पडलेल्या बोर्गहिल्डबाईंचे पांढरे केस. मॉनिटर नीट दिसावा म्हणून आता पडदा ओढावा लागणार, याचं डॉक्टर श्यूरला वाईट वाटलं.

"ओढ की," बाई म्हणाल्या. "माझ्या डाव्या डोळ्याला सगळं सारखंच."

आठ दिवसांपूर्वी त्या डोकं दुखतं म्हणून आल्या होत्या. सोनोग्राफी करून, कानशिलाच्या धमनीला सूज नाही, असं श्यूरनेच लिहून दिलं होतं. अशी सूज डोळ्याचा रक्तपुरवठाच तोडते. शनिवारी तो डावा डोळा गेला.

"कधीकधी मशीनच नीट..." तो पुटपुटला.

"मशीनच्या आड लपतोस? चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. वही घरी राहिली म्हणणारे ढिगाने पाहिलेत."

त्याने कानशिलावर यंत्र टेकवलं. मॉनिटरवर लाल रक्तप्रवाहाभोवती सुजेचं काळं कडं उमटलं. दाबून पाहिलं तरी हटेना.

"हे मागच्या वेळी नव्हतं?"

त्याने जुनं चित्र काढलं. त्यात रक्तप्रवाह दाखवणारा रंग इतका वाढवलेला होता, की लाली धमनीच्या भिंतीवर उतू गेली होती.

"मग यात कडं कुठंय रे?"

कडं तेव्हाही होतं. ते त्याला दिसलं होतं, पण खात्री नव्हती, आणि मोठ्या डॉक्टरांना विचारायच्या संकोचापायी त्यानेच रंग वाढवून ते झाकलं होतं.