शुक्र झालेली बरणी

मी एक जुनी बरणी आहे. काचेची आहे, म्हणजे माझ्या पोटातलं सगळ्यांना दिसतं. तरीही मी एकदा अख्ख्या तालुक्याला फसवलं. मुद्दाम नाही, मित्रांनो. बरणीला तोंड मोठं असतं, पण बोलता कुठे येतं?

माझा जन्म भट्टीतला. नुसता लालभडक रस होते मी. कुणीतरी नळीतून फुंकर मारली आणि मला पोट सुटलं. तेव्हापासून कोंडून ठेवणं हाच माझा धर्म झाला. संग्रामपूरच्या आठवडी बाजारात सत्यभामाबाईंनी मला बोटाच्या पेरानं तीनदा वाजवून घेतलं आणि पुढची वीस वर्षं माझ्या पोटात कैरीचं लोणचं मुरलं.

एका जागी बसून माणसं बघायची असतील तर लोणच्याच्या बरणीसारखी सोय नाही. पाहुणा 'बस, बस' म्हणताना ताट मागे घेतो की पुढे करतो, यावरून मी माणूस ओळखत असे. सोयरीक जुळवायला आलेल्या एका मामांनी नऊ फोडी संपवल्या आणि उठताना, तिखट जरा जास्तच पडलंय, असं बोलून गेले. शेजारणी सत्यभामाबाईंच्या हाताच्या चवीचं कौतुक करत. बरणीचं नाव कुणी घेत नसे. मग एका पावसाळ्यात कुणीतरी ओला चमचा घातला, लोणच्याला बुरशी आली, तेव्हा मात्र साऱ्या घराला बरणीच आठवली. मला घासूनपुसून माळ्यावर पालथी घातली. आतून काचेला धरून बसलेला करडईच्या तेलाचा पिवळा पापुद्रा तेवढा निघाला नाही. तो राखेनं गेला नाही, सोड्यानंही गेला नाही.

माळ्यावरून मला खाली काढलं दीपमालानं. ही सत्यभामाबाईंच्या धाकट्या दिराची, निवृत्तीची मुलगी, नववीतली. निवृत्तीचं एसटी स्टँडसमोर पंक्चरचं दुकान. दीपमालानं शुक्र ग्रहाबद्दल वाचलं होतं. बुध सूर्याला जास्त जवळ, तरी शुक्र त्याच्याहून तापलेला. कारण त्याच्याभोवती कार्बन डाय-ऑक्साइडचं जाड पांघरूण, आत आलेली उष्णता बाहेर पडायला वाटच नाही. माणसांनी पाठवलेली यानं तिथे उतरली ती तास-दोन तासांत कायमची गप्प झाली. ती हे मोठ्यानं वाचत असताना मी माळ्यावर ऐकत होते. कोंडलेल्याचं दुःख कोंडलेल्यालाच कळतं.

विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं दोन बरण्या घेतल्या. एक विज्ञान शिकवणाऱ्या शेखर सरांनी आणलेली नवी, लखलखीत. तिच्यात साधी हवा, ती पृथ्वी. दुसरी मी. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा मिसळून निघालेला वायू नळीनं माझ्या पोटात सोडला आणि मी शुक्र झाले. दोघींच्या तोंडावर थर्माकोलची चकती, चकतीतून आत गेलेला तापमापक. अर्ध्या तासानं उन्हात माझा पारा पृथ्वीपेक्षा पाच अंशांनी वर.

तालुक्यात पहिला नंबर आला. निवृत्तीनं स्टँडवरच्या कंडक्टरांनासुद्धा पेढे दिले आणि पोरगी आता जिल्ह्यातून थेट राज्याला जाणार असं ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगितलं. वीस वर्षांत जे मिळालं नव्हतं ते कौतुक मला एका दुपारी मिळालं. मी फुगले. पण आतून मला ठाऊक होतं की ती सगळी ऊब वायूची नाही. माझ्या अंगावरचा पिवळा पापुद्राच ऊन पीत होता. दोन्ही बरण्या रिकाम्या शेजारी ठेवून कुणी बघितलंच नव्हतं. रिकाम्यात काय बघायचं, असं माणसांना वाटतं.

मुख्याध्यापक उत्तमरावांनी आम्हा दोघींना धुऊन, पुसून, तापमापकांसकट प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात घातली. बक्षिसाची वस्तू आहे, जिल्ह्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. अकरा दिवस. मुलं काचेला नाक लावून आत बघायची आणि 'शुक्र, शुक्र' म्हणायची. मी आतून ओरडायची, अरे नाही, मी बरणी आहे. काचेतून काच काय ऐकवणार?

पण त्या कपाटावर दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन यायचं. आणि पारा हीच माझी जीभ होती.

तिसऱ्या दिवशी झाडलोटीच्या पाळीला दीपमाला तिथे आली. झाडू मारता मारता थांबली. माझा पारा बघितला, पृथ्वीचा बघितला. चौथ्या दिवशी वही घेऊन आली. पाच दिवस रोज मधल्या सुट्टीनंतर यायची, काचेबाहेरून आकडे लिहायची आणि कालच्या आकड्यांशी ताडून बघायची. नवव्या दिवशी तिनं शेखर सरांना कपाटापुढे आणलं.

"सर, दोघींत बी नुसती हवा हाय. तरी हे चार अंश जास्त दाखवून राह्यली."

ऊन तिरपं पडत असेल, असं सर म्हणाले. तिनं वही पुढे केली. सरांनी आकड्यांवरून बोट फिरवलं, आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. वाईट नव्हता तो माणूस. नऊ वर्षांत त्यांच्या हाताखालचं एकही पोर जिल्ह्याला गेलं नव्हतं, एवढंच.

"तुले कोणी विचारलं काय?"

"नाई."

"मंग? तिथं परीक्षक बरणी उलटून पाहत नाहीत, पोरी."

तिनं उत्तमरावांकडे किल्ली मागितली, बरण्या बदलून एकदा प्रयोग करायचा होता. फुटली तर, असं म्हणून त्यांनी खिशावर हात ठेवला. मग काय, मी कपाटात कोंडलेली आणि ती बाहेर. खोटं बोलून राज्याला जायचं की खरं बोलून बापाचे पेढे वाया घालवायचे, एवढंच तिच्यापुढे उरलं होतं. तिच्या वाट्याला कपाटाइतकीच जागा होती.

बुलढाण्याला जिल्ह्याचं प्रदर्शन मैदानात होतं. कुलपातून निघून मी अकरा दिवसांनी उघड्या उन्हात आले. पोटात पुन्हा वायू भरल्यावर अर्ध्या तासात माझा पारा पृथ्वीहून पाच अंश वर गेला, ठरल्याप्रमाणे. परीक्षक म्हणून आलेल्या कॉलेजच्या पूनम मॅडम लिहून घेऊन निघाल्या, तेव्हा दीपमालाला वाचा फुटली.

"मॅडम, परत येता काय? मले बरण्या बदलाच्या हायेत."

शेखर सर रुमालानं मान पुसायला लागले. दोरीपलीकडे निवृत्ती नवा सदरा घालून उभा होता, त्याला वाटलं हा प्रयोगातलाच भाग असेल.

तिनं दोघी मोकळ्या केल्या, गार होऊ दिल्या. वायू आता पृथ्वीच्या पोटात सोडला आणि माझ्यात साधी हवा. अर्धा तास. मॅडम परत आल्या तेव्हा माझ्यात वायू नव्हता, तरी मीच तीन अंशांनी पुढे होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगते, हलकंही वाटलं.

"पहिल्यांदा वायू आन् बरणी दोघं मिळून पाच," दीपमाला म्हणाली. "आता वायू तिकडं, म्हणून बरणी त्याच्याहून तीनानं पुढं. म्हणजे बरणीचे चार आन् वायूचा एक. तालुक्याले मी पाच सांगतले होते. ते चुकलं."

हे कसं सुचलं, असं मॅडमनी विचारलं. यानावरच्या उष्णता मोजणाऱ्या यंत्राचा डोळा अधूनमधून रिकाम्या काळ्या आकाशाकडे वळवतात, दीपमालानं सांगितलं. त्याची स्वतःची ऊब किती ते कळतं आणि मग ती वजा करतात. आपल्याकडे रिकामं आकाश नव्हतं, म्हणून बरण्या बदलल्या.

निकालात तिचं नाव आलं नाही. पहिला नंबर पाण्याच्या पिचकाऱ्यांवर चालणाऱ्या जेसीबीला मिळाला. निवृत्तीनं बरण्या गुंडाळायला कागद आणून दिला. मग म्हणाला, "चार बरणीचे हायेत, हे सांगाले पायजे होतं काय?"

"बाबा, तुम्ही ट्यूब पाण्यात बुडवता. बुडबुडा नाई आला तरी पैशासाठी ठिगळ लावता काय?"

"नाई लावत," तो म्हणाला, आणि माझ्याभोवतीचा कागद त्यानंच नीट आवळला.

तेवढ्यात पूनम मॅडम आल्या. त्यांना वही हवी होती, अकरावीच्या वर्गाला दाखवायला. चांगले आकडे नेतील असं मला वाटलं, पण कपाटाबाहेरून घेतलेल्या पाच दिवसांच्या आकड्यांवर त्यांचं बोट होतं. जाताना त्यांनी दीपमालाच्या हातात पेन दिलं. तिनं त्या पेनानं चिठ्ठी लिहिली आणि कागद बाजूला सारून माझ्या पोटावर चिकटवली: ही बरणी उन्हात चार अंश जास्त दाखवते.

मी परत त्याच कपाटात आहे. उत्तमराव किल्ली आता खिळ्याला टांगतात, कुणाचाही हात पोचेल अशी. त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला दोष असतो, जुन्या माणसालाही असतो. त्यासाठी फेकू नका आणि बक्षिसासाठी कोंडूही नका. मला बाहेर काढा, उन्हात ठेवा, पोटात हवा तो ग्रह भरा. फक्त शेवटी माझे चार वजा करा.