खचलेल्या मोरीच्या अलीकडे

आई गेल्याचं काल फोनवर कळलं, आणि मग फोनच बंद पडले. मिळेल त्या गाडीने निघाले. गाव हाकेवर आलं आणि ओढ्यापाशी रस्ताच संपला. ओढ्यावरची मोरी वाहून गेली होती. पलीकडे धाकटा भाऊ आणि मावशी उभे होते. उभं राहण्याच्या लकबीवरूनच मी त्यांना ओळखलं.

माझ्या बाजूचं डांबर मात्र बरंच पुढपर्यंत होतं, मधली पांढरी रेघसुद्धा शाबूत. मी त्यावर पाय टाकणार तोच रस्त्याच्या मुकादमाने माझा दंड धरला.

"ताई, वर नुसती साय आहे. खाली भराव नाही."

मोरीच्या तोंडात झाड अडकलं, तुंबलेल्या पाण्याने पाइपाच्या कडेने वाट काढली आणि आतली माती ओढून नेली, असं तो म्हणाला. "पाइपही गेला. डांबराला अजून पत्ता नाही."

"तिथंच थांब गं!" मावशी ओरडली. "आईवर गेलीये नुसती, ऐकेल तर शपथ!"

"दुसरी वाट?" मी मुकादमाला विचारलं.

"वरचा पूल पाण्याखाली आहे. परवापर्यंत तरी नाही."

धाकट्याने तोंडाशी हात धरले. "ताई, लाइट नाही. बर्फही संपला. थांबायचं का?"

थांबता येणार नाही, हे त्यालाही कळत होतं. अवघड शब्द घरात नेहमी माझ्याच वाट्याला यायचे.

"नका थांबू," मी म्हणाले. "एकदा तोंड दाखवा फक्त."

ते गावातल्या माणसांसह आईला खांद्यावर घेऊन आले. काठाकडे येऊ लागले तसा मुकादम किंचाळला, "मागं व्हा! तुमच्याही खाली पोकळ आहे! एवढं वजन घेऊन कुठे येताय?"

माणसं थबकली. पावलापावलाने मागे सरत पार वळणापर्यंत गेली. तिथे त्यांनी तिला खाली ठेवलं. धाकट्याने चादर बाजूला केली.

मला चादरीचा पांढरा ठिपका दिसला. मी चष्मा पुसून पुन्हा लावला. तिचं डोकं कोणत्या बाजूला आहे, तेही कळेना.

"दिसली का गं?" मावशीचा आवाज फाटला होता.

सगळे माझ्याकडे वळून उभे होते. मी हो म्हटल्याशिवाय कुणी हलणार नव्हतं.

"दिसली," मी ओरडले. "झोपल्यासारखी दिसतेय. न्या आता."