मोरेश्वररावांचं राहून गेलेलं मत

मोरेश्वर साठ्यांनी शनिवारी इस्त्रीचा शर्ट घातला, जेवून वामकुक्षी उरकली आणि दुपारी दोन वाजता ऐटीत मतदानाला निघाले. पुण्यात चाळीस वर्षं त्यांनी असंच मत दिलं होतं, मृदुलाबाईंना बरोबर घेऊन, वाटेत ओळखीच्यांना नमस्कार करत. आता न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेजवळच्या या छोट्या गावात मृदुलाबाई जाऊन अकरा महिने झाले होते. रांगेत का होईना, चार माणसं भेटतील, या आशेवर त्यांनी आठवडा ढकलला होता.

अग्निशमन दल आणि पोलीस यांच्यासाठी नवी इमारत बांधायला कौन्सिलने कर्ज काढावं का, एवढाच प्रश्न होता. कर वाढणार म्हणून निम्मं गाव विरोधात होतं. मोरेश्वररावांना करबिर काही दिसत नव्हता. मृदुलाबाई स्वयंपाकघरात कोसळल्या तेव्हा ॲम्ब्युलन्सच्या आधी दलाचे स्वयंसेवक धावत आले होते. हेमी नावाच्या दांडग्या माओरी गड्याने वीस मिनिटं गुडघे टेकून त्यांची छाती दाबली होती. उपयोग झाला नाही. पण परक्या बाईसाठी इतका घाम गाळलेला माणूस मोरेश्वररावांनी पाहिला नव्हता. त्याच्यासाठी एक मत द्यायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

वेलिंग्टनहून मुलीने, अबोलीने, बुधवारी फोनवर विचारलंही होतं, "बाबा, मत दिलंस का?"

"शनिवारी जाऊन देतो."

"स्वीट ॲज! मस्तच. मीटिंग आहे रे, ठेवते हां."

अर्धं मिनिट आणखी बोलली असती, तर तिच्या लक्षात आलं असतं.

लायब्ररीपाशी ना रांग, ना बोटाला शाई लावणारं कोणी. मतदान पोस्टाने होतं, तीन आठवडे चालू होतं, आणि मतं आणून टाकायची इथली पेटी आज बारा वाजताच बंद झाली, असं आतल्या बाईंनी हळुवारपणे सांगितलं. मतदाराची चिठ्ठी समजून मोरेश्वररावांनी खिशात जपलेला कागद म्हणजे खुद्द मतपत्रिका होती. साठ वर्षं सगळे अर्ज भिंग लावून वाचणाऱ्या माणसाचा हा गाढवपणा! आणि त्यावर हसायला बरोबर कोणी नव्हतं.

ते तसेच अग्निशमन केंद्रावर गेले. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातलेला हेमी बंब धूत होता.

"मला तुझ्यासाठी मत द्यायचं होतं," त्यांनी कागद पुढे केला. "राहिलं."

"किआ ओरा, अंकल," हेमीने त्यांना ओळखून माओरीत नमस्कार केला. "एका मताचं काय एवढं? बसा, चहा टाकतो."

पहिला घोट घेतला न घेतला तोच भोंगा वाजला. "बसून राहा!" हेमी ओरडला आणि पाहता पाहता शेड रिकामी झाली. मोरेश्वररावांना ठाऊक होतं, ही माणसं कुणाच्या तरी घरी चालली आहेत. त्यांचा पाय निघेना. त्यांनी कप विसळले, ओट्यावरचा ओघळ पुसला आणि दाराकडे डोळे लावून बसले.

दीड तासाने बंब आत शिरला. मोरेश्वरराव पटकन उठले. अकरा महिन्यांत कुणालाच न विचारलेला शब्द तोंडून निघून गेला. "आलात?"

हेमीला मराठी कुठलं कळायला? तो हेल्मेट काढत म्हणाला, "म्हातारी वाचली, अंकल."

मोरेश्वररावांना आनंद झाला, अगदी मनापासून झाला. ते चहाचं पाणी ठेवायला वळले आणि पाठमोरेच रडले.