ओळखीचं पाणी

"डोळे मिटा, आणि आता पोट अगदी सैल सोडा," असं सोनाली मॅडम म्हणाल्या अन् मी ताडकन उठून बसले.

"काय बोलताव वो बाई! पोट सैल सुटतंय म्हणूनच तर ढोकीहून तुमच्याकडं धाराशिवला आलेय!"

मॅडम तोंडावर हात धरून हसल्या. मला काय हसू आलं न्हाय. माझी पोरगी श्रावस्ती शाळेत होती तवापासून हे दुखणं माझ्या मागं लागलेलं. तपासण्या सगळ्या चांगल्या. आतड्यात ना जखम, ना गाठ. पण गाडीत बसलं की मुरडा अन् पळापळ. पोटाचे डॉक्टर म्हणले, सुमनबाई, गोळ्या चालू ठेवा, पण संमोहनानं बी फरक पडतो, अन् या मॅडमचा पत्ता दिला. आमचे मालक श्रीपती लगेच घाबरले. "भूल घालून घरातलं समदं काढून घेतील." म्हणलं, घरात हाय काय काढायला?

श्रावस्तीचं लग्न ईट गावात ठरलेलं. साखरपुड्याला मी निघाले अन् पोटापायी वाटेत येरमाळ्यालाच जीपमधून उतरले, तशीच माघारी आले. पोरीचा साखरपुडा आईबिगर झाला. लग्न तरी डोळ्यांनी बघायचं, एवढंच मला पाहिजे होतं.

"बरं," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही समुद्रकिनारी बसला आहात. लाटा येताहेत..."

"म्या समुद्र बघितलेला न्हाय. अन् एवढं पाणी आवरायचं कुणी?"

मला वाटलं, आता हाकलतेत. पण त्यांनी इचारलं, "मग तुमच्या ओळखीचं पाणी कुठलं?"

"उसाचं. जल्मभर दारं धरली की." त्यांना कळंना. मग सांगितलं, एका सरीचं तोंड मातीनं बंद करायचं अन् दुसरीचं उघडायचं. पाणी आपण म्हणू तिकडंच जातं, आपण म्हणू तवाच.

मॅडमनी त्यांची सगळी भाषाच बदलली. मला डोळे मिटायला लावून म्हणाल्या, हात पोटावर ठेवा, तुम्ही बांधावर उभ्या आहात, खोरं तुमच्या हातात आहे. भूलबिल काय न्हाय हो, बाहेरची रिक्षा बी ऐकू येत होती. पण हात जड झाले, पोट ऊबदार झालं, अन् लई दिवसांनी आत शांत वाटलं.

तेच बोलणं त्यांनी मोबाईलात भरून दिलं. रोज दुपारी ऐकायची. मालकांना खोकायची बी बंदी. आधी कायच फरक पडंना, मी चिडून मोबाईल गादीवर आपटला बी. मग हळूहळू बाजारापतुर गेले, मग न थांबता धाराशिवला.

लग्नाच्या दिवशी श्रावस्ती भावासंगं पुढं गेली. तिला मी म्हणलं होतं, "जमलं तर येते." आमी बाया मागनं वऱ्हाडाच्या गाडीत. येरमाळा आलं अन् पोटात मुरडा उठला. आमचा डायवर बजरंग, त्याला साखरपुड्याचं ठाऊक. त्यानं आपल्याआप गाडी हळू केली. "काकू, थांबवू का?"

सगळ्या बाया माझ्याकडं बघाया लागल्या. म्या तळहात पोटावर ठेवला, डोळे मिटले. पाणी सरीच्या तोंडाशी आलं होतं. सावकाश माती ओढली. थांब म्हणलं, अजून तुझी पाळी न्हाय. मुरडा पुरता गेला न्हाय, पण सैल पडला. आता हा शब्द मला चालतो.

"चालव!" मी खेकसले. "थांबायचंच आसंल तर तुज्या पोटासाठी थांब!"

गाडीत हशा पिकला.

ईटला मांडवात श्रावस्ती आमच्या बौद्ध रीतीनं पांढऱ्या साडीत उभी होती. आईच्या जागेवर उभं राहायला माझी जाऊ रोहिणी आदल्या दिवशीच येऊन, नटूनथटून तयार. मी गर्दीतनं पुढं सरकत होते, तवर पोरीचं रोहिणीला इचारणं कानावर आलं.

"काकू, गाडी आली का? आई कुठं उतरली?"

"हितंच उतरले की गं," मी वरडले. "ईटला!"

तिनं वळून बघितलं अन् पळतच येऊन गळ्यात पडली. दोघी बी रडलो, लई रडलो. मग म्या डोळे पुसले अन् जावेला म्हणलं, "रोहिणी, तू बस आता खाली. आई आलीय."