बाइंडरच्या पाच फेऱ्या

नवराबायकोला भांडायला कुठलंही निमित्त पुरतं, पण बाइंडर आणि सिस्टर त्या महिन्यात रोज एकाच गोष्टीवरून भांडत होते. घर कुठे घ्यायचं?

बाइंडर म्हणजे पुस्तकं बांधणारा. लोक फाटकी पुस्तकं त्याच्याकडे आणून टाकत आणि तो ती उसवून, पुन्हा शिवून, पुठ्ठा चढवून परत देई. सिस्टर म्हणजे त्याची बायको, ऑपरेशन थिएटरची नर्स. तिला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात मुख्य नर्सची जागा मिळाली होती, म्हणून सगळं बिऱ्हाड हलवायचं ठरलं. ड्यूटी सकाळी सातला. सातला म्हणजे सातला. टेबलावर घेतलेला पेशंट सिस्टरची बस चुकली म्हणून थांबत नाही.

हातातल्या पैशात दोनच घरं बसत होती. पहिलं रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघर असं की एकाने भांडी घासायची तर दुसऱ्याने श्वास आत ओढून उभं राहायचं. दुसरं तेवढ्याच किमतीत, पण शहराच्या पार टोकाच्या उपनगरात. चार खोल्या, पुढे अंगण, मागे पेरूचं झाड आणि झाडाशेजारी पत्र्याची ऐसपैस शेड. ती शेड बघितली आणि बाइंडरचा जीव तिच्यात अडकला. इथे कटिंग मशीन, इथे प्रेस, तिथे खळ शिजवायची शेगडी, असं तो हातवारे करून दाखवायला लागला, तेव्हाच एजंटने ओळखलं की मासा गळाला लागला.

"इथून रुग्णालय किती लांब?" सिस्टरने विचारलं.

"पस्तीस मिनिटं, मॅडम. हसतखेळत."

"कोणाच्या घड्याळात?"

एजंटने विषय बदलून नळाला पाणी कसं धो धो येतं ते दाखवलं.

त्यांची मुलगी नऊ वर्षांची. घरात तिला वकीलबाई म्हणत, कारण ती 'झोप आता' या दोन शब्दांनाही हरकत घेई. तिने आपली बाजू एकदाच मांडली. "मला स्वतःची खोली हवी. बाकी तुम्ही भांडा."

घर ठरेपर्यंत तिघं त्याच उपनगरातल्या एका स्वस्त लॉजमध्ये उतरली होती. तिथे रविवारी सकाळी सिस्टरने अट घातली.

"अरे, प्रवास मी करायचा आणि 'काही लांब नाही' असं तू म्हणायचं, हे बरं आहे तुझं! उद्यापासून पाच दिवस तू जा. सातच्या आत रुग्णालयाच्या फाटकाला हात लावायचा आणि दुपारी साडेतीनला परत निघायचं. शुक्रवारीसुद्धा 'लांब नाही' म्हणालास, तर मी मुकाट्याने सही करते."

"एवढंच ना?" बाइंडर छाती काढून म्हणाला. "आणि मधले आठ तास?"

"ते तुझे तू काढ. उभ्याने काढलेस तर उत्तम. मी उभीच असते."

सोमवारी बाइंडर पाच पंचावन्नच्या बसने निघाला आणि सात वाजायला पाच कमी असताना फाटकाला हात लावला. खिडकीची जागा, गार वारा, वाटेत वाचायला पुस्तक. संध्याकाळी त्याचा चेहरा निवडणूक जिंकल्यासारखा होता. एक तास लागला हे तो ओझरतं बोलला, पण चाळीस पानं वाचून झाली हे त्याने तीनदा सांगितलं.

मंगळवारी पुलाचं काम निघालं. बस मुंगीच्या पावलाने सरकत होती. बरोबर सातला त्याचा फोन वाजला.

"डॉक्टर विचारतायत, सिस्टर कुठे आहेत?" सिस्टर म्हणाली.

"पुलावर," बाइंडर पडेल आवाजात म्हणाला.

बुधवारी जाताना तासभर उभं राहावं लागलं आणि कोणाचा तरी डबा बरगड्यांत रुतत राहिला. परतीला जागा मिळाली, पण त्याचा असा डोळा लागला की आपला थांबा मागे टाकून तो थेट डेपोत पोचला. तिथे कंडक्टरने त्याला हलवून उठवलं. "साहेब, आता बस धुवायचीय. तुम्हालाही धुवून काढू का?"

लॉजवर वकीलबाईने उलटतपासणी घेतली. "बाबा, तू झोपला होतास?"

"छे! डोळे मिटून विचार करत होतो."

"तोंड उघडं ठेवून? शर्टावर लाळ सांडलीय."

गुरुवारी परतताना एक ओझं बाइंडरच्या खांद्यावर आलं. शेजारच्या माणसाचं डोकं होतं. थोड्या वेळाने तो माणूस दचकून जागा झाला.

"माफ करा हं. चष्म्याची भिंगं घासतो मी, दिवसभर मान खाली. अकरा वर्षं या बसमध्ये कोणा ना कोणाच्या खांद्यावर झोपत आलोय. आता सुटेन म्हणा. घर विकायला काढलंय."

"का हो? घरात काही खोट आहे?"

"छे! घर सोन्यासारखं आहे. चार खोल्या, अंगण, मागे पेरू. पण मी ते बघतो कधी? घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही. पेरू पोपट खातात. अकरा वर्षांत माझ्या वाट्याला तीन आले, त्यातला एक किडका."

बाइंडर सरळ होऊन बसला. "शेजारी पत्र्याची शेड आहे ना?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"ते घर घ्यायला निघालेला शहाणा मीच."

भिंगवाल्याची झोप खाडकन उडाली. "पण हवा... हवा फार शुद्ध आहे हो तिथली!" तो घाईघाईने म्हणाला. "आणि पोपट काही सगळेच पेरू खात नाहीत..." पुढे त्यालाच हसू फुटलं. दोघं इतक्या मोठ्याने हसले की पुढचे प्रवासी वळून बघायला लागले.

"विकून जाणार कुठे?" बाइंडरने डोळे पुसत विचारलं.

"रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत. तिसरा मजला, दोन खोल्या. आम्ही दोघंच, जास्त करायच्यात काय? उद्या संध्याकाळी बोलणी आहेत."

आता झोप उडायची पाळी बाइंडरची होती. लॉजवर पोचताच त्याने सिस्टरला सगळं सांगितलं.

"म्हणजे लांब आहे की नाही?" तिने विचारलं.

"आहे."

"ऐकू नाही आलं."

"लांब आहे! फार लांब आहे! हरलो मी. पण जवळचं घर हा माणूस उद्या घेतोय, त्याचं काय?"

"घेऊ दे. तुझं कटिंग मशीन चारशे किलोचं. तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार, वकीलबाई?"

हे बाइंडरच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो मटकन खाटेवर बसला. "मग आपण राहायचं कुठे?"

"ते मला सुचलं असतं, तर तुला बसमध्ये कशाला घातलं असतं?" सिस्टरही त्याच्याशेजारी बसली. मग म्हणाली, "पण उद्याचा शुक्रवार बाकी आहे. पाच म्हणजे पाच."

शुक्रवारी बाइंडरने फाटकाला हात लावला आणि वेळ काढायला मागच्या गल्लीत शिरला. ज्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावरचं घर होतं, तिच्याच तळमजल्यावर एक गंजलेलं शटर होतं आणि त्यावर 'विकणे आहे' असा धुळीने माखलेला कागद. शेजारचा न्हावी दुकान उघडत होता.

"लाँड्री होती," न्हावी म्हणाला. "मागे राहायला दोन खोल्या. सात महिने झाले, किंमत उतरवली तरी कोणी घेत नाही. समोरच्या इमारतीमुळे उजेडच नाही."

"ऊन अजिबात येत नाही?"

"औषधालासुद्धा नाही."

"आणि फरशी?"

"दगडी! कपडे धुवायची यंत्रं होती आत. हत्ती नाचला तरी हलायची नाही."

उन्हाने कागद पिवळा पडतो, बांधणीचं कातडं तडकतं. बाइंडरला उजेडाची भूक कधीच नव्हती, दिव्याखाली त्याचं भागे. त्याने तिथूनच सिस्टरला फोन लावला. सिस्टर आणि वकीलबाई पुढची बस पकडून निघाल्या आणि दीड तासाने घामाघूम पोचल्या. फाटकापासून शटरपर्यंत सिस्टर घड्याळ लावून चालली. चार मिनिटं.

"अंधार आहे रे फार," ती आत येऊन म्हणाली. मग हसली. "पण मी दिवसभर झगमगीत दिव्यांखालीच असते. चालेल."

वकीलबाईने कपडे वाळत घालायचा माळा शोधून काढला आणि शिडीवरूनच निकाल दिला. "ही माझी खोली. वर यायचं असेल तर खाली उभं राहून विचारायचं."

बाइंडरला मात्र पुढे बरेच दिवस अंगण आठवायचं. तसं तो बोललाही. सिस्टरने एका कुंडीत पुदिना लावून ती दारात ठेवली. उन्हावाचून ती आठवड्यात सुकली, मग शेजारच्या न्हाव्याने ती आपल्या गच्चीवर नेली.

लांबचं घर एका निवृत्त जोडप्याने घेतलं, कुठेही जायची घाई नसलेल्या. भिंगवाला तिसऱ्या मजल्यावर आला. साडेतीनला सुटला की पावणेचारला तो इमारतीत हजर. एवढ्या वेळाचं करायचं काय, हे त्याला कळेना. बायको कामावरून सातला येई. मग तो बाइंडरच्या स्टुलावर येऊन बसू लागला, आधी अर्धा तास, पुढे सातपर्यंत. अकरा वर्षं बसमध्ये झोपून साठवलेलं बोलणं त्याने बाहेर काढलं.

"याचे वाचलेले तास माझ्या डोक्यावर बसतात," बाइंडर सिस्टरकडे कुरकुरला.

"मग हाताला काहीतरी काम दे."

दुसऱ्या दिवशी बाइंडरने त्याच्यापुढे एका जाड शब्दकोशाचे सुटे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, ठेवले आणि सुई-दोरा दिला. बारीक कामाची त्याला सवयच होती. तो शिवायला बसला आणि दोरा तुटू नये म्हणून तब्बल वीस मिनिटं गप्प राहिला.