बऱ्या झालेल्यांच्या काठ्या

आमच्या चर्चच्या डाव्या भिंतीवर बऱ्या झालेल्यांच्या काठ्या आणि कुबड्या टांगलेल्या आहेत. घंटा वाजवणं, झाडलोट करणं आणि त्या भिंतीत खिळे ठोकणं ही माझी कामं. चौथं काम बायकोखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. रविवारी पाळकसाहेबांच्या प्रार्थनेच्या भरात काठी टाकून गेलेली माणसं आठवड्याभरात मागच्या दाराशी येतात, खाली मान घालून. मी त्यांची काठी परत देतो आणि भिंत ओकीबोकी दिसू नये म्हणून तिथे झाडूचा जुना दांडा रंगवून लावतो.

मग माझ्या बायकोनेच काठी टाकली. तिची कंबर कामातून गेली होती. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला आणि ती वेदीपासून दारापर्यंत चालत गेली. खरंच चालली. मलाही रडू आवरलं नाही.

दोन दिवसांत ती भिंत धरून स्वयंपाकघरात जायला लागली.

"काठी आणतो," मी म्हणालो. "झाडूंना काही तोटा नाही."

"आणलीत तर माझ्याशी बोलू नका. सगळ्यांसमोर साक्ष दिलीय मी."

"अर्धी भिंत खोटीच आहे, तुला माहितेय."

"त्यांचा विश्वास कमी पडला. माझा नाही पडायचा."

माझं डोकं फिरलं. "बायबलातल्या त्या लुळ्या माणसाला प्रभूने बरं केलं, तेव्हा बाज तिथेच टाकायला सांगितली का? ऊठ म्हणाला, बाज उचल म्हणाला, घरी जा म्हणाला. बऱ्या माणसाला कशाला हवी होती बाज?"

"तुम्ही खिळे ठोका. उपदेशाला पाळकसाहेब आहेत."

पुढच्याच आठवड्यात ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, अंथरूण धरलं, मग छाती भरली. काठी मी गुपचूप चर्चच्या भिंतीवरून काढून आणून घरी दाराआड ठेवली होती, उठली की देईन म्हणून. एका संध्याकाळी तिने विचारलं, "माझी काठी आहे ना भिंतीवर?"

"आहे," मी म्हणालो.

तिला बरं वाटलं. त्यानंतर ती फारशी बोललीच नाही, आणि गेली. त्या लुळ्याला चौघांनी प्रभूपुढे उचलून आणलं होतं, हिलाही चौघांनीच उचलून नेलं. हिला कोणी ऊठ म्हणालं नाही. मी आठवडाभर देवाशी भांडत होतो. काठी मात्र परत टांगली, तिला तसं सांगितलं होतं म्हणून.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी तीच काठी दाखवून माझ्या बायकोच्या विश्वासाचे गोडवे गायले. पडल्याचं नाव नाही. लगेच एक बाई पुढे आली, प्रार्थना झाली, ती चालली, सगळे रडले. पाळकसाहेबांनी तिची काठी माझ्याकडे दिली.

मी हातोडी बाकावर ठेवली आणि काठी त्या बाईच्या हातात परत दिली.

"बरी झालीस ना, बाई? मग ही घे आणि घरी जा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो.

तिने पाळकसाहेबांकडे पाहिलं नाही. काठी घट्ट धरली आणि तिच्यावर सगळा भार टाकून दाराकडे निघाली.