झऱ्याची राखण

“चूक आहे,” मी म्हणाले.

सेल्मा मावशीचा कुंचला हातातच राहिला. आर्ट सेंटरच्या टेबलाभोवती बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. मावशीच्या चित्राला चूक म्हणायची हिंमत अख्ख्या ॲलिस स्प्रिंग्जमध्ये कोणाची नव्हती. पण बघून सांगणं माझंच काम. तो डोंगर, तो झरा मावशीच्या बापाचा. चित्र काढायचा हक्क तिचा आणि राखण आम्हा लेकींच्या पोरांची. राखणदार ‘हो’ म्हणत नाही तोवर त्या जमिनीचं चित्र दाराबाहेर जात नाही.

“काय चुकलं गं? सावली उलटी पडलीय?”

“सावली नाही. पाणी.”

“डोळे तपासून घे, हेल्गा. तू आईच्या पोटातही नव्हतीस तेव्हापासून त्या झऱ्यात न्हातेय मी.”

बायका फिस्सकन हसल्या. मला हसू आलं नाही. परवाच मी तिकडे जाऊन आले होते. मावशीला कित्येक वर्षांत जाता आलेलं नाही. किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून दिवसाआड इस्पितळातल्या मशीनला जोडून घ्यावं लागतं. मशीन इथे आणि जमीन तिथे, दिवसभराच्या वाटेवर. आम्हा आदिवासींच्या म्हाताऱ्यांना असंच मारतात, शहरात आणून, स्वच्छ चादरीवर.

“झरा आटला, मावशी. शेजारच्या फार्मवाल्यानं टरबुजांसाठी बोअर मारल्यात. पंप बंदच होत नाहीत. तळाला चिखलसुद्धा नाही. काठचं मोठं गमचं झाड उभ्यानं वाळलंय.”

मावशीने कुंचला टेबलावर आपटला. मग उसळली ती फार्मवाल्यावर नाही, माझ्यावर.

“आणि तू काय करत होतीस? राखण तुझी! मरताना तुझ्या आईनं तुझ्या हवाली केली ती जमीन. मी इथे सुया टोचून घेत पडलेय, तुला दोन पायांनी जाता येत नव्हतं?”

चोर सोडून संन्याशाला फाशी! फाटकाला कुलूप घातलंय त्यांनी, गेलं की पोलीस बोलावतात, परवासुद्धा तारेखालून सरपटत गेले, हे सगळं घशाशी आलं होतं. गिळलं. आमच्यात जमिनीचं बरंवाईट झालं की आधी राखणदाराला धरतात, आणि धरायलाच हवं.

आमचा आवाज ऐकून सेंटरचा मॅनेजर ग्रॅहम कॉफीचा मग घेऊन बाहेर आला. माणूस वाईट नाही.

“हे बघ, सेल्मा,” तो अगदी गोड आवाजात म्हणाला, “हॉटेलवाल्यांना पाण्याचंच चित्र हवंय. रिसेप्शनच्या मागे लावणार आहेत. पूर्वीचा झरा समजून दे ना. कोणाला कळणार आहे?”

“डोंगराला कळेल,” मी म्हणाले. “आणि पाणी हवं असेल तर टरबूजवाल्याकडे मागा. सगळं त्याच्याचकडे आहे.”

तेवढ्यात मावशीने डब्यातलं ओलं फडकं उचललं, न पिळताच चित्रातल्या झऱ्यावर ठेवलं आणि घासायला लागली. ग्रॅहम ‘अगं, अगं’ करत राहिला. ती थांबली नाही. निळा रंग फडक्यावर आला, कागदाचे पापुद्रे निघाले, तिच्या सुया टोचून काळ्या पडलेल्या हाताच्या शिरा तट्ट फुगल्या. लाल डोंगराच्या पायथ्याशी नुसता मळकट, खरवडलेला डाग उरला.

“बघ आता,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

“आता बरोबर आहे,” मी म्हणाले. इतकं वाईट ‘बरोबर’ मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

बाहेर इस्पितळाची व्हॅन भोंगा वाजवत होती. मी हात द्यायला गेले तर तिने तो झटकला. एकटीच खुरडत अंगणात गेली. व्हॅनच्या दाराशी थांबली, पश्चिमेकडे, डोंगराच्या दिशेला तोंड केलं आणि ओरडायला लागली. आपल्या जमिनीवर पाऊल ठेवताना आम्ही गेलेल्यांना हाक घालतो, तशीच हाक. समोरच्या पेट्रोल पंपावरची माणसं वळून बघायला लागली.

“बाबा! मी सेल्मा! मला येता येत नाही!” तिने दम घेतला. “हेल्गा येईल! पोरगीच आहे माझी, तिला ओळखा! तिच्यावर रागावू नका! पाणी तिनं नाही नेलं!”

ड्रायव्हरने गाडीचं इंजिन बंद केलं. मग मावशीने हात पुढे केला आणि मी तिला वर चढवलं.